पाच अंश, पाच मैल, पाच मिनिटं : हायपोच्या तळघरातला एक दिवस

मे १९४२ चा शेवटचा आठवडा. पर्ल हार्बरच्या पाण्यात बुडालेल्या युद्धनौकांचे सांगाडे अजून दिसत आहेत. ७ डिसेंबर १९४१ च्या रविवारी सकाळी जपानी विमानं आली तेव्हा अमेरिकी नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाला त्यांचा पत्ता नव्हता, ही गोष्ट कुणी विसरलेलं नाही. बंदरावरच्या चौदाव्या नौदल विभागाच्या कचेरीखाली एक तळघर आहे. तिथे काम करणाऱ्या माणसांना तर ती गोष्ट सर्वांत जास्त टोचते आहे. या केंद्राचं नाव ‘हायपो’, आणि त्याचा प्रमुख कमांडर जोसेफ रोशफोर्ट. गुप्तवार्ता अधिकाऱ्याचं काम एकच, असं तो मानतो : शत्रू उद्या काय करणार, हे आपल्या सेनापतीला आज सांगणं. ७ डिसेंबरला ते झालं नव्हतं.

लष्करी विश्लेषकाचा दर्जा कशात असतो आणि त्याची पत कशी ठरते, हे समजून घ्यायला या तळघरातला एक दिवस पुरेसा आहे. त्या सुमारास घडलेल्या गोष्टी मी इथे एका दिवसाच्या चौकटीत लावल्या आहेत. घड्याळाचे आकडे कामाचा क्रम कळावा म्हणून घातलेले आहेत. माणसं, काम आणि परिणाम मात्र इतिहासातले आहेत.

पहाटे ४

दिवस सुरू होतो तळघराच्या बाहेर. ओआहू बेटाच्या दुसऱ्या अंगाला हेइया नावाचं बिनतारी केंद्र आहे. कानाला हेडफोन लावून बसलेले नौसैनिक जपानी आरमाराचे संदेश टिपून घेतात. जपानी तारभाषा आपल्या ओळखीच्या मोर्सपेक्षा वेगळी. तिच्यात काना लिपीतल्या अक्षरांसाठी स्वतंत्र खुणा आहेत आणि त्या ऐकताक्षणी उतरवाव्या लागतात. हे कौशल्य फार थोड्यांकडे होतं. १९२८ ते १९४१ या काळात नौदलाने वॉशिंग्टनच्या आपल्या मुख्यालयाच्या गच्चीवर एक खोली बांधून १७६ जणांना ते शिकवलं. पुढची सगळी इमारत याच माणसांच्या कानांवर उभी राहिली.

टिपणारा फक्त मजकूर टिपत नाही. संदेश कोणत्या वारंवारितेवर आला, किती वाजता आला, पाठवणाऱ्याचा हात कसा चालतो, हेही तो लिहून ठेवतो. प्रत्येक तारवाल्याची बोटं वेगळी चालतात. सराईत कान तेवढ्यावरून सांगतो, की परवा ज्या जहाजावरून हा माणूस बोलत होता, त्याच जहाजावरून आजही बोलतो आहे. पहाटेपर्यंत कागदांचे गठ्ठे तयार होतात आणि मोटारीने पर्ल हार्बरला निघतात. हेइयातल्या माणसाने एक आकडा चुकीचा उतरवला, तर तळघरातल्या माणसाचे दोन दिवस वाया जाऊ शकतात. विश्लेषणाचा दर्जा इथपासून मोजायला हवा.

सकाळी ६

तळघराला खिडकी नाही. दार तिजोरीसारखं जड. वातानुकूलन यंत्रामुळे आत इतका गारठा, की रोशफोर्ट गणवेशावर घरात घालायचं जाकीट चढवतो आणि सिमेंटच्या जमिनीवर उभं राहून पाय दुखतात म्हणून सपाता घालून वावरतो. पुढे चित्रपटांनी त्याचा हा वेष त्याच्या विक्षिप्तपणाची खूण म्हणून रंगवला. खरं तर दिवसातले वीस-वीस तास थंड खोलीत उभं राहून काम करणाऱ्या माणसाची ती साधी सोय होती. कोपऱ्यात एक खाट आहे, घरी जाणं जमलं नाही की तिच्यावर आडवं व्हायचं.

रोशफोर्ट नौदल अकादमीचा पदवीधर नव्हता. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस साधा भरती होऊन तो वर आला. १९२९ मध्ये नौदलाने त्याला जपानी शिकायला तोक्योला पाठवलं. त्याच प्रवासात त्याची एडविन लेटन या तरुण अधिकाऱ्याशी ओळख झाली. हा लेटन आता पॅसिफिक आरमाराचा गुप्तवार्ता अधिकारी आहे. म्हणजे तळघरातला माणूस आणि सेनापतीच्या दाराशी बसलेला माणूस यांच्यात तेरा वर्षांची मैत्री आहे, आणि दोघांना शत्रूची भाषा येते. गुप्तलिपी फोडणं आणि जपानी भाषा, दोन्ही जाणणारे अधिकारी त्या नौदलात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. रोशफोर्ट त्यांतला एक.

सहा वाजता तो रात्रीचे कागद हातात घेतो. बहुतेक संदेशांतला दहा-पंधरा टक्के मजकूरच वाचता येतो. पावसात भिजलेलं पत्र हाती यावं आणि सात ते दहा शब्दांमागे एखादाच शब्द शाबूत असावा, तशी गत. उरलेलं सगळं स्मरणावर. महिन्यापूर्वी हाच शब्द कुठल्या संदेशात आला होता, तेव्हा कुठलं जहाज कुठे होतं, हे रोशफोर्टच्या डोक्यात असतं. जमिनीवर पसरलेल्या शेकडो कागदांतून तो नेमका कागद काढून दाखवतो.

सकाळी ८

लेटन अॅडमिरल चेस्टर निमित्झ यांच्या खोलीत शिरतो. रोज सकाळची ही भेट ठरलेली आहे. डिसेंबरअखेर निमित्झ पर्ल हार्बरला आले, तेव्हा आधीच्या सेनापतीबरोबर आपलीही उचलबांगडी होणार असं लेटनने धरून ठेवलं होतं. निमित्झ यांनी त्याला ठेवून घेतलं. शत्रूच्या सेनापतीच्या डोक्याने विचार कर, तो काय करील ते मला सांग, असं काम त्याला दिलं. हरलेल्या आरमाराच्या गुप्तवार्ता अधिकाऱ्याला नवा सेनापती सहसा जवळ ठेवत नाही. निमित्झ यांनी अपयशाचं खापर त्याच्यावर न फोडता त्याचं काम पाहिलं.

मेच्या पहिल्या आठवड्यात कोरल समुद्रात लढाई झाली. जपानी आरमार पोर्ट मोर्सबीच्या दिशेने निघालं आहे हे हायपोने आधी सांगितलं होतं आणि ते खरं ठरलं. तिथे ‘लेक्सिंग्टन’ ही विमानवाहू नौका बुडाली, ‘यॉर्कटाउन’ला जबर मार बसला, पण जपान्यांना माघारी फिरावं लागलं. त्या दिवसापासून निमित्झ यांच्या खोलीत हायपोच्या शब्दाला वजन आलं.

तरी त्यांनी डोळे झाकून विश्वास टाकला नाही. हायपोच्या प्रत्येक निष्कर्षावर शंका घेण्याचं काम त्यांनी आपल्याच एका अधिकाऱ्याला दिलं. तो रोज खोदून विचारायचा : हे कशावरून? दुसरा अर्थ निघू शकत नाही का? ही सगळी शत्रूने रचलेली हूल नसेल कशावरून? रोशफोर्ट आणि लेटन यांना त्याची उत्तरं द्यावी लागत. अशी उलटतपासणी ज्याला अपमान वाटत नाही, तो चांगला विश्लेषक. आणि जो ती नीट करवून घेतो, तो चांगला सेनापती.

सकाळी १०

यंत्रांची खोली आता खडखडते आहे. आयबीएमची छिद्रं पाडणारी, वर्गवारी करणारी आणि छापणारी यंत्रं रांगेने लावली आहेत. प्रत्येक संदेशातला प्रत्येक पाच आकडी गट एकेका कार्डावर चढतो. कार्डांचे ढीग यंत्रांतून फिरतात आणि हा गट आजवर कुठे कुठे आला, त्याच्या आगेमागे काय होतं, ते कागदावर उतरतं.

या यंत्रांवर कोण बसलं आहे? ‘कॅलिफोर्निया’ या युद्धनौकेचे बँडवाले. ७ डिसेंबरला जहाज बुडालं, वाद्यं बुडाली आणि बँडला काम उरलं नाही. माणसांच्या टंचाईने हैराण झालेल्या रोशफोर्टने त्यांना मागून घेतलं. हे वादक या कामात इतके तरबेज निघाले, की संगीत आणि गुप्तलिपी यांचं काही नातं असावं, अशी चर्चा तिथे सुरू झाली. नातं असो वा नसो, विश्लेषणाच्या केंद्राचा दर्जा वरच्या दोन-चार बुद्धिमंतांवर ठरत नाही, हे या बँडवाल्यांनी दाखवलं. कार्डं चुकीची पडली असती, तर वरच्यांच्या बुद्धीचा काही उपयोग नव्हता.

दुपारी १२

थॉमस डायर आपल्या मेजाशी आहे. नौदलात गुप्तलिपीच्या कामासाठी यंत्रं वापरायला सुरुवात केली ती त्याने. त्याच्या मेजावर झोप पळवणाऱ्या गोळ्या ठेवलेल्या असतात, ज्याला लागेल त्याने घ्याव्यात. समोर आहे जपानी आरमाराची मुख्य सांकेतिक पद्धत. अमेरिकेने तिला नाव दिलं आहे ‘जेएन-२५’.

ती पद्धत दोन थरांची. पहिल्या थरात प्रत्येक शब्दाला किंवा वाक्प्रयोगाला एक पाच आकडी गट. दुसऱ्या थरात, वेगळ्या पुस्तकातला एक पाच आकडी गट त्यात मिळवायचा, पण हातचा न घेता. समजा, मूळ गट २३४१५ आणि मिळवायचा गट ७८९४६. दोन आणि सात नऊ; तीन आणि आठ अकरा, त्यातला एकच लिहायचा; चार आणि नऊ तेरा, त्यातले तीन. असं करत हवेतून जातो तो गट ९१३५१. शत्रूच्या हाती लागतो तो हा शेवटचा आकडा. डायरच्या माणसांकडे दोन्ही पुस्तकं नाहीत. अंदाज करून, वजा करून, ती दोन्ही त्यांना आपल्या हातांनी पुन्हा रचायची आहेत.

जपान्यांनी एक सोय ठेवली होती. संदेश घेताना चूक झाली तर लगेच कळावी म्हणून मूळ गटातल्या अंकांची बेरीज नेहमी तीनने भाग जाणारी असायची. वरच्या उदाहरणात २३४१५ ची बेरीज १५. हीच सोय हायपोच्या कामी आली. एकच मिळवणी वापरलेले अनेक गट एकाखाली एक मांडायचे, एक आकडा वजा करून पाहायचा. सगळ्या उत्तरांची बेरीज तीनने विभागली गेली, तर अंदाज बहुधा बरोबर. नाही गेली, तर खोडरबर घ्यायचं आणि पुढचा आकडा धरायचा. ही वजाबाकी तासन्‌तास चालते. तिच्यात चमत्कार नाही. आहे ती चिकाटी, आणि आपला आवडता अंदाज चुकीचा निघाला की तो तिथेच सोडून देण्याचा प्रामाणिकपणा.

पर्ल हार्बरच्या वेळी हे का जमलं नाही, याचं उत्तरही इथे आहे. हल्ल्यापूर्वी वॉशिंग्टनने हायपोला जेएन-२५ वर काम करायला दिलंच नव्हतं. त्यांच्याकडे होती जपानी अॅडमिरलांची वेगळी गुप्तलिपी. ती फारच थोड्या संदेशांत वापरली जाई आणि कधीच फुटली नाही. हल्ल्यानंतर काही दिवसांतच काम बदललं आणि सहा महिन्यांच्या आत हेच लोक शत्रूच्या योजनेपर्यंत पोचले. म्हणजे माणसं पूर्वीही हीच होती, त्यांना भलत्या दाराशी बसवलेलं होतं. विश्लेषकाच्या अपयशाची चौकशी करताना त्याला काम काय दिलं होतं, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

दुपारी ३

आकड्यांतून शब्द मोकळे झाले की ते भाषा जाणणाऱ्यांकडे येतात. मरीन कोअरचा अल्व्हा लॅसवेल इथे आहे. पुढे एप्रिल १९४३ मध्ये जपानी आरमाराचे सेनापती अॅडमिरल यामामोतो यांच्या शेवटच्या प्रवासाचा तपशील सांगणारा संदेश याच्याच हातून उलगडला. नौदलाचा जोसेफ फिनेगन आहे. जपानीत सारख्या उच्चाराचे आणि वेगवेगळ्या अर्थांचे शब्द पुष्कळ, आणि संदेश काना लिपीत येत असल्याने चित्रलिपीचा आधार नाही. अर्थ संदर्भावरून लावायचा. गाळलेल्या जागा भराव्यात की तशाच ठेवाव्यात, हे ठरवणं सर्वांत कठीण.

चांगल्या भाषांतराची खूण अशी, की वाचणाऱ्याला कळलं पाहिजे, इतकं नक्की आहे, इतकं संभाव्य आहे आणि इथे काहीच नाही. २० मेच्या सुमारास यामामोतो यांच्या मोहिमेचा एक लांबलचक आदेश पकडला गेला. त्यात कोणती नौका, कोणत्या तुकडीत, कुठे जाणार, असा सगळा तपशील होता. तो पूर्ण व्हायला कित्येक दिवस गेले. रिकाम्या जागा एकेक करून भरत गेल्या आणि ज्या भरल्या नाहीत त्या कागदावर रिकाम्याच राहिल्या.

संध्याकाळी ५

थॉमस हकिन्स आणि जॉन विल्यम्स यांचं काम निराळं. त्यांना संदेशात काय आहे हे ठाऊक नसलं तरी चालतं. कोण कोणाशी बोलतो, किती वेळा बोलतो, कोणाची हाकेची खूण बदलली, आवाज कोणत्या दिशेने येतो, यावरून ते आरमाराची हालचाल ताडतात. जॅस्पर होम्स नकाशावर प्रत्येक जहाजाची जागा रोज नव्याने मांडतो.

या कामात सर्वांत अवघड असतं ते ‘माहीत नाही’ म्हणणं. १ डिसेंबर १९४१ ला जपानी आरमाराने आपल्या सगळ्या हाकेच्या खुणा बदलल्या. दुसऱ्या दिवशी लेटनने तेव्हाचे सेनापती अॅडमिरल किमेल यांच्यापुढे जो अहवाल ठेवला, त्यात पहिल्या आणि दुसऱ्या वाहक विभागाच्या विमानवाहू नौका कुठे आहेत, हे लिहिलेलं नव्हतं. किमेल यांनी विचारलं, म्हणजे त्या आत्ता आपल्या दारात येऊन ठेपल्या असतील आणि तुला कळणार नाही? आत्तापर्यंत दिसल्या असत्या अशी आशा आहे, इतकंच लेटन म्हणू शकला. पाच दिवसांनी त्या नौका खरोखर येऊन ठेपल्या. त्याने खोटी जागा दाखवली नव्हती, रिकामी जागा रिकामी दाखवली होती. पण शत्रूच्या चार मोठ्या विमानवाहू नौका हिशेबात नाहीत, या ओळीचा धसका घेऊन कुणी बेटाच्या चहूबाजूंना विमानं धाडली नाहीत. विश्लेषकाचं ‘माहीत नाही’ हे शत्रूच्या हालचालीइतकंच गंभीरपणे वाचायचं असतं. त्या दिवशी ते तसं वाचलं गेलं नाही.

संध्याकाळी ७

वॉशिंग्टनहून तार आली आहे. वाद जुनाच. जपानी संदेशांत हल्ल्याचं ठिकाण म्हणून ‘एएफ’ ही दोन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. रोशफोर्टची खात्री आहे, एएफ म्हणजे मिडवे, हवाईच्या वायव्येला हजार-बाराशे मैलांवरचं चिमुकलं बेट. मार्चमध्ये जपानी उडत्या नौकांनी, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानांनी, ओआहूवर बॉम्ब टाकले, तेव्हाच्या संदेशांतही एएफ आलं होतं आणि तेव्हापासूनचा सगळा मागोवा मिडवेकडे बोट दाखवत होता. वॉशिंग्टनमधल्या वरिष्ठांना ते पटत नव्हतं. ठिकाण दुसरं असावं, तारीख जूनच्या मध्यावर असावी, कदाचित ही हूल असावी, असे तर्क तिथे चालू होते.

इथे हायपोने जे केलं, ते विश्लेषकांच्या प्रत्येक पिढीला शिकवावं असं आहे. वाद घालत बसण्याऐवजी त्यांनी आपलं म्हणणं कसोटीला लावलं. होम्स युद्धापूर्वी हवाई विद्यापीठात अभियांत्रिकी शिकवत असे. मिडवेवर गोडं पाणी नाही, समुद्राचं पाणी शुद्ध करून प्यावं लागतं, हे त्याला माहीत होतं. त्यातून युक्ती सुचली. निमित्झ यांच्या परवानगीने समुद्राखालच्या केबलवरून मिडवेला सांगण्यात आलं, की पाणी शुद्ध करणारं यंत्र बिघडल्याची तक्रार बिनतारीवरून उघड भाषेत करा. केबलवरचं बोलणं जपान्यांना ऐकू येत नव्हतं, बिनतारीवरचं येत होतं. मिडवेने तक्रार केली. लवकरच एक जपानी संदेश पकडला गेला : एएफवर गोड्या पाण्याची टंचाई आहे. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला असलेल्या दोस्तांच्या केंद्रानेही तोच संदेश पकडून कळवला. ठिकाणाचा प्रश्न मिटला.

रोशफोर्ट चुकीचा असता, तर तेही याच चाचणीत उघडं पडलं असतं. चुकीचं ठरण्याची वाट त्याने आपल्या हाताने मोकळी ठेवली, यात त्याचा दर्जा आहे. ठासून बोलणारे विश्लेषक पुष्कळ असतात. आपलं म्हणणं तपासण्याची सोय स्वतः करून देणारे थोडे.

रात्री ११

ठिकाण कळलं, तारीख उरली. जपानी तारखा संदेशाच्या आत आणखी एका वेगळ्या पद्धतीने झाकलेल्या असत. ती पद्धत इतक्या क्वचित दिसली होती, की तिच्यावर काम करायला पुरेशी उदाहरणंच नव्हती. पाळी संपवून घरी निघालेला वेस्ली राइट फिनेगनच्या मेजापाशी थांबला आणि मग दोघंही रात्रभर बसले. जुने कागद निघाले, एकेक महिना, एकेक दिवस पडताळला गेला. उजाडता उजाडता कोडं सुटलं : अल्यूशियन बेटांवरचा हल्ला ३ जूनला, मिडवेवरचा ४ जूनला.

हे अगदी वेळेवर झालं. त्याच आठवड्यात जपान्यांनी आपली सांकेतिक पुस्तकं बदलली आणि हायपोला वाचता येणारा मजकूर एकाएकी बंद झाला. ही रात्र एक आठवडा उशिरा आली असती, तर तारीख हाती लागली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी

रोशफोर्टला निमित्झ यांच्या बैठकीला हजर राहायचं आहे. तो अर्धा तास उशिरा पोचतो. कपडे चुरगळलेले, डोळे तारवटलेले. खोलीतले वरिष्ठ अधिकारी ताटकळले आहेत. त्याच्या हातात रात्रीचं फळ आहे : ठिकाण, तारीख, शत्रूच्या नौकांची यादी. प्रश्नांची सरबत्ती होते. शत्रूचा बेत पाहून तयारी करायची, की त्याची ताकद पाहून? बेत चुकीचा वाचला गेला आणि ओआहूच उघडं पडलं तर? हे प्रश्न रास्त होते. रोशफोर्टने ज्ञात काय आणि तर्क काय, ते वेगवेगळं सांगितलं.

त्याच दिवसांत निमित्झ यांनी लेटनला अडवून विचारलं : मला नेमकं सांग, ते कुठून आणि किती वाजता येणार. लेटन कचरला. निमित्झ हटले नाहीत. मग तो म्हणाला, मिडवेच्या वायव्येकडून, ३२५ अंशांवर, सुमारे १७५ मैलांवर, सकाळी सहाच्या सुमारास. ‘शक्यता नाकारता येत नाही’ अशा वाक्याआड त्याला लपता आलं असतं. तो लपला नाही.

निमित्झ यांनी या शब्दांवर आपलं उरलंसुरलं आरमार पणाला लावलं. ‘यॉर्कटाउन’ २७ मेला बंदरात आली. तिच्या दुरुस्तीला तीन महिने लागतील असा अंदाज होता. गोदीतल्या कामगारांनी तीन दिवसांत तिला लढण्याजोगी केली आणि ३० मेला ती निघाली. ‘एंटरप्राइझ’ आणि ‘हॉर्नेट’ आधीच गेल्या होत्या. जपानी उडत्या नौका इंधन घ्यायला फ्रेंच फ्रिगेट शोल्स या प्रवाळबेटाजवळ उतरतील हे ताडून निमित्झ यांनी तिथे जहाजं उभी केली आणि पर्ल हार्बरची टेहळणी करण्याचा जपानी बेत फसला.

पलीकडे काय चाललं होतं, तेही पाहावं. मेच्या सुरुवातीला ‘यामातो’ या युद्धनौकेवर याच मोहिमेची लुटुपुटीची लढाई झाली. तिच्यात जपानच्या दोन विमानवाहू नौका बुडाल्याचा निकाल पंचांनी दिला. रिअर अॅडमिरल उगाकी यांनी तो निकाल फिरवला, लागलेल्या बॉम्बचा आकडा कमी केला आणि ‘आकागी’ पुन्हा तरंगू लागली. खोलीतल्या कुणी ठाम हरकत घेतली नाही. ज्या आरमारात विश्लेषणाचा निकाल हुद्द्याने बदलता येतो, तिथे कितीही हुशार विश्लेषक असले तरी त्यांचा उपयोग शून्य.

४ जून, सकाळी ५ वाजून ५५ मिनिटं

मिडवेहून उडालेल्या टेहळणी विमानाचा संदेश आला : जपानी नौका ३२० अंशांवर, १८० मैलांवर. निमित्झ यांनी लेटनकडे पाहून हिशेब सांगितला. तू पाच अंश, पाच मैल आणि पाच मिनिटांनी चुकलास.

त्या लढाईत ‘आकागी’, ‘कागा’, ‘सोर्यू’ आणि ‘हिर्यू’ या चारही जपानी विमानवाहू नौका संपल्या. अमेरिकेची ‘यॉर्कटाउन’ गेली. तीन हजारांवर जपानी आणि तीनशेच्या आसपास अमेरिकी माणसं मेली. लढाई जिंकली ती वैमानिकांनी. कित्येक जण आपण परत येणार नाही हे जाणून उडाले, नशिबाचाही वाटा मोठा होता. पण तीन अमेरिकी विमानवाहू नौका योग्य वेळी योग्य ठिकाणी दबा धरून बसल्या होत्या, ते तळघरातल्या माणसांमुळे.

आणि नंतर

निमित्झ यांनी रोशफोर्टसाठी ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल’ची शिफारस केली. वॉशिंग्टनने ती नाकारली. इतरांनी आधी तयार केलेली साधनं त्याने नीट वापरली, इतकंच, असा शेरा पडला. ऑक्टोबर १९४२ मध्ये त्याला वॉशिंग्टनला बोलावून घेतलं आणि हायपोचं दार त्याला कायमचं बंद झालं. जपानी भाषा आणि गुप्तलिपी दोन्ही जाणणारा हा माणूस काही काळाने एका तरंगत्या गोदीचा प्रमुख म्हणून नेमला गेला. १९७६ मध्ये तो वारला. हायपोत त्याच्या हाताखाली उमेदवारी केलेला आणि पुढे रिअर अॅडमिरल झालेला डोनाल्ड शॉवर्स वर्षानुवर्षं दाद मागत राहिला. १९८६ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी ते पदक रोशफोर्टच्या कुटुंबीयांच्या हाती दिलं. मिडवेनंतर ४४ वर्षांनी.

हा अन्याय एका माणसावरचा म्हणून सोडून देता येत नाही. वरिष्ठांना न आवडणारं खरं सांगितलं तर काय होतं, याचा धडा त्या नौदलातल्या प्रत्येक तरुण विश्लेषकाने त्यातून घेतला असणार. आणि असा धडा एकदा घेतला गेला, की पुढच्या संकटाच्या वेळी खोलीत शांतता पसरते.

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. १९९९ मध्ये कारगिलमध्ये घुसखोरी झाली तेव्हा आपल्याकडेही बोटं गुप्तवार्ता यंत्रणांकडे वळली. के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीने मिळालेल्या माहितीची छाननी आणि एकत्रित अन्वय यांतले दोष दाखवले. त्यानंतरच्या सुधारणांतून २००२ मध्ये तिन्ही दलांसाठी संरक्षण गुप्तवार्ता संस्था उभी राहिली. लष्कराच्या गुप्तवार्ता विभागाचं प्रशिक्षण केंद्र तर आपल्या पुण्यात आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या तरुणांची नावं आपल्याला कळणार नाहीत, कळूही नयेत. पण त्यांच्याकडून काय मागायचं आणि त्यांना काय द्यायचं, हे ठरवण्यात नागरिक म्हणून आपला वाटा आहे.

मागायचं ते हे : जे माहीत आहे ते नेमकं सांगा, जे माहीत नाही ते तितक्याच स्पष्टपणे सांगा आणि आपलं म्हणणं तपासून घेण्याची वाट स्वतः दाखवा. द्यायचं ते हे : योग्य काम, कसून उलटतपासणी, आणि खरं बोलल्याबद्दल संरक्षण. चुकीच्या अंदाजासाठी विश्लेषकाला जाब जरूर विचारावा. पण त्याने लिहिलेलं वाचलं कुणी, आणि वाचून केलं काय, हा जाब त्याच दमात वर बसलेल्यांनाही विचारला पाहिजे. जे राष्ट्र हा दुसरा प्रश्न विचारत नाही, त्याला चांगले विश्लेषक लाभले तरी टिकत नाहीत.